सोलापूरच्या भाषा : बोलीत टिकल्या, लिपीत उरतील का?

लोहारा तालुक्यातील माकणी येथे निम्न तेरणा प्रकल्पाच्या धरणात जिचे पाणी अडविले आहे, ती तेरणा नदी प्राचीन तेर नगराजवळून वाहत येते. माकणीच्या पुढे ती मांजरेला मिळते. मांजरा बिदरच्या कन्नड मुलखातून आणि नंतर तेलंगणातील तेलुगू मुलखातून वाहत जाऊन गोदावरीत विलीन होते. एकाच पाण्याच्या काठी मराठी, कन्नड आणि तेलुगू या तीन भाषा नांदतात. याच तेरचा आणि धाराशिवच्या लेण्यांचा उल्लेख कनकामर मुनींच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश भाषेतील काव्यात तेरापूर या नावाने येतो. या प्रदेशाला भाषांची सरमिसळ नवी नाही, हे यावरून ध्यानात यावे.

उमरगा आणि लोहारा तालुक्यांतील माणसे बाजार, दवाखाना किंवा महाविद्यालयाच्या निमित्ताने ज्या मोठ्या शहराकडे वळतात, ते सोलापूर म्हणजे या सरमिसळीचे सर्वांत ठळक उदाहरण होय. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे साडेनऊ लाख होती. मुंबई-पुण्याच्या तुलनेत हे मध्यम आकाराचे शहर आहे. तरीही मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी-उर्दू, गुजराती, मारवाडी आणि हिंदी एवढ्या भाषा येथे रोजच्या व्यवहारात कानी पडतात. या भाषा येथे कशा आल्या, एकमेकींच्या शेजारी कशा नांदल्या आणि आज त्यांच्यापुढे कोणता प्रश्न उभा आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

मराठी आणि कन्नड : जुने शेजार

दक्षिण सोलापूर तालुक्यात सीना व भीमा या नद्यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल हे तीर्थक्षेत्र आहे. तेथील शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ मधील शिलालेख सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी प्रकाशात आणला. मराठीतील सर्वांत जुन्या कालनिर्दिष्ट लेखांमध्ये त्याची गणना होते. 'ज्ञानेश्वरी'च्या आधी सुमारे पावणेतीनशे वर्षे या परिसरात मराठी दगडावर कोरली जात होती, असा त्याचा अर्थ आहे.

याच भूमीत बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वर होऊन गेले. सोलापूरचे ते ग्रामदैवत आणि त्यांची वचने मात्र कन्नड भाषेत आहेत. मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणारी त्यांची गड्डा यात्रा आजही सर्व भाषांचे सोलापूरकर आपली मानतात. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत चालणारा भाविक घरी मराठी बोलतो की कन्नड, याची विचारपूस कोणी करीत नाही. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर भागातील अनेक कुटुंबांत माहेरची भाषा कन्नड व सासरची मराठी, किंवा याच्या उलट, असते. अशा घरातील मुले दोन्ही भाषा शिकवणीवाचून बोलू लागतात. अक्का, अण्णा आणि अडकित्ता हे शब्द मराठीत किती सहज मिसळले आहेत! सणाच्या दिवशी खपली गव्हाची हुग्गी रांधणाऱ्या गृहिणीलाही हुग्गी हा शब्द कन्नड आहे, याची आठवण ठेवण्याची गरज वाटत नाही.

गिरण्यांमागून आलेली तेलुगू

तेलुगू भाषेचे सोलापुरातील आगमन हा उद्योगाच्या इतिहासाचा भाग आहे. १८७७ मध्ये सोलापुरात सूत व कापडाची पहिली गिरणी सुरू झाली. पुढे तिला जुनी गिरणी म्हणू लागले. गिरण्या वाढल्या तसे सूत हाताशी आले आणि त्या काळच्या निजाम राज्यातील तेलंगणातून पद्मशाली विणकरांची कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. शहराचा पूर्व भाग त्यांनी वसविला. हातमागाच्या जागी यंत्रमाग आले, सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन लाभले; पण घरातील तेलुगू तशीच राहिली. नारळी पौर्णिमेला निघणारा मार्कंडेय महामुनींचा रथ आणि नवरात्राच्या दिवसांत तेलुगू भगिनी साजरा करीत असलेला बतुकम्मा हा फुलांचा उत्सव, ही त्या भाषेची सार्वजनिक रूपे आहेत. विडी वळणाऱ्या हजारो स्त्रियांच्या कामाच्या जागीही तेलुगू ऐकू येते आणि तिच्या शेजारी बसलेली मराठी किंवा कन्नड भाषक स्त्री ती समजू लागते.

दखनी, गुजराती, मारवाडी आणि लिपी नसलेल्या बोली

मुस्लिम वस्त्यांतील दखनी ही पुस्तकी उर्दूहून वेगळी आहे. तिने मराठीतील 'च' हा जोर देणारा प्रत्यय जसाच्या तसा उचलला, आणि नको हा शब्द 'नक्को' या रूपात आपलासा केला. उत्तरेकडील उर्दूभाषकाला हे प्रयोग चमत्कारिक वाटतात. सोलापूरकराला मात्र ते घरचेच वाटतात. उलट दिशेने पाहिले तर मराठीतील सगळा कर्जव्यवहार फारसी-अरबी शब्दांवर चालतो. जामीन, हप्ता, वसूल, बाकी, रक्कम, तारीख, जप्ती हे शब्द काढून टाकले तर बँकेचे एकही कर्जखाते मराठीत लिहिता येणार नाही.

गुजराती व मारवाडी या भाषा व्यापारी कुटुंबांबरोबर आल्या. दिगंबर जैन समाजातील हूमड कुटुंबे घरात गुजराती बोलत, पेढीवर मराठी वापरीत आणि स्वाध्यायात हिंदी किंवा संस्कृत ग्रंथ वाचीत. सैतवाल व कासार या शाखांतील जैन घरांची भाषा पिढ्यान्‌पिढ्या मराठीच आहे. सीमाभागातील काही जैन कुटुंबे कन्नड बोलतात, तर ओसवाल घरांत मारवाडी चालते. एकाच मंदिराच्या किंवा स्थानकाच्या पायरीवर चार भाषा भेटतात, याचे कोणालाही आश्चर्य वाटत नाही.

याशिवाय सोलापुरात काही बोली अशा आहेत, ज्यांना स्वतःची लिपीच नाही. ब्रिटिश अमदानीत १८७१ च्या कायद्यान्वये ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले गेले, त्यांची एक मोठी वसाहत सोलापुरात होती. तारेच्या कुंपणातील या वस्तीला लोक आजही सेटलमेंट म्हणतात. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. कैकाडी समाजाची बोली तमिळच्या जवळची, वडार समाजाची तेलुगूच्या जवळची आणि पारधी समाजाची गुजरातीच्या जवळची आहे. बंजारा तांड्यांवरील गोरमाटी बोली तर सोलापूर आणि धाराशिव या दोन्ही जिल्ह्यांत ऐकू येते. या बोली केवळ जिभेवर जगल्या आहेत. त्यांचा कोश घरातील वृद्धांच्या स्मरणात असतो आणि त्यांच्याबरोबरच तो जातो.

एकत्र नांदण्याची रीत

एवढ्या भाषा असूनही सोलापूरचे व्यवहार अडत नाहीत, याचे कारण प्रत्येक भाषेला आपले काम मिळाले आहे. घराची भाषा एक, बाजाराची दुसरी, देवळाची तिसरी आणि कचेरीची चौथी, अशी ही वाटणी कोणत्याही आदेशावाचून झाली. बँकेत मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत छापलेला अर्ज मिळतो. तो भरणारा मनातल्या मनात आकडेमोड मात्र आपल्या मातृभाषेत करतो. चलनी नोटेच्या मागील बाजूस पंधरा भाषांत मूल्य छापलेले असते. त्यांपैकी कन्नड, गुजराती, तेलुगू, मराठी आणि उर्दू या पाच भाषा ती नोट हाताळणाऱ्या सोलापूरकरांच्या घरांत बोलल्या जातात.

या सहजीवनाची सर्वांत मोठी कसोटी १९३० मध्ये लागली. त्या वर्षीच्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारण्यात आला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात सोलापूरच्या चार देशभक्तांना फाशी देण्यात आली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा ही त्यांची नावे. चार नावे चार वेगवेगळ्या समाजांची ओळख सांगतात. शहरातील हुतात्मा चौकात त्या चौघांचे पुतळे एकत्र उभे आहेत.

१९५६ मध्ये भाषावार राज्यपुनर्रचना झाली. निजाम राज्याचे तीन तुकडे तीन भाषांच्या राज्यांत गेले. धाराशिव मुंबई राज्यात आले, कलबुर्गी आणि बिदर म्हैसूरमध्ये, तर विणकरांचा मूळ मुलूख आंध्र प्रदेशात गेला. रेषा नकाशावर ओढली गेली, तरी नातीगोती, सोयरिकी आणि यात्रा यांनी ती फारशी मानली नाही. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद ३५० अ समाविष्ट झाला. भाषिक अल्पसंख्य समाजांतील बालकांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षण मिळण्याची सोय करावी, असे तो राज्यांना सांगतो. सोलापूर महानगरपालिकेने मराठीबरोबर उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमाच्या शाळा चालविल्या, आणि 'बालभारती'ने या भाषांतील पाठ्यपुस्तके महाराष्ट्रातच छापली. सोलापूरच्या बहुभाषिकतेला या शाळांचा मोठा आधार मिळाला.

जनगणनेत दिसते ते आणि न दिसणारे

जनगणनेत मातृभाषा विचारताना बालपणी आईने बोललेली भाषा असा अर्थ अभिप्रेत असतो. तिच्याखेरीज अवगत असलेल्या आणखी दोन भाषांचीही नोंद होते. २०११ च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेली मातृभाषांची नावे १९,५६९ होती. छाननीनंतर त्यांतून १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या आणि त्यांचे वर्गीकरण शेवटी १२१ भाषांत झाले. या प्रक्रियेत मारवाडी आणि बंजारा बोलणारे हिंदी या शीर्षकाखाली मोजले जातात. म्हणजे एखाद्या घराने आपली भाषा मारवाडी सांगितली, तरी मुख्य तक्त्यात ती स्वतंत्र दिसत नाही.

जनगणनेतील मातृभाषेचा प्रश्न बोलण्यापुरता असतो. त्या भाषेची लिपी त्या व्यक्तीला वाचता येते की नाही, हे त्या नोंदीतून कळत नाही. सोलापूरचा आजचा खरा प्रश्न नेमका तेथेच आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळांकडे ओढा वाढला आहे. त्यामागे पालकांचा अविचार नाही. मुलांना नोकरी मिळावी, बाहेरच्या जगात त्यांचे अडू नये, ही त्यांची रास्त इच्छा आहे. परिणाम मात्र असा होतो की, तेलुगू घरातील नातू आजीशी तेलुगूत बोलतो, पण तिची पोथी त्याला वाचता येत नाही. गुजराती घरातील नात घरी अस्खलित गुजराती बोलते, पण आजोबांनी लिहिलेले पत्र हाती आले की ते दुसऱ्याकडे वाचायला देते. भाषा कानात राहते आणि डोळ्यांतून निघून जाते.

बँकेच्या स्वाक्षरीपत्रकांतूनही हा बदल वाचता येतो. खातेदाराने कोणत्याही लिपीत सही केली तरी बँक ती मान्य करते. पूर्वीच्या पिढीतील तेलुगू, कन्नड, उर्दू किंवा गुजराती लिपीत सही करणाऱ्यांची मुले आणि नातवंडे बहुधा इंग्रजीत सही करतात. कित्येकांच्या बाबतीत स्वतःचे नाव हाच आपल्या लिपीतील शेवटचा मजकूर होता. तोही आता लिहिला जात नाही.

लिपी हरवली की काय होते

लिपीचा विसर म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी दूर जावे लागत नाही. मराठी व्यवहार शतकानुशतके मोडी लिपीत चालले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून गेली आणि दोन पिढ्यांत ती सामान्य माणसाला अनोळखी झाली. मराठवाड्यात निजामकालीन महसुली नोंदी उर्दूतही आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा गावोगावची जुनी दप्तरे वाचण्यासाठी मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांची निकड भासली. कागद शाबूत होते, त्यांत पूर्वजांची नावे होती. पण ज्यांचा हक्क त्यावर अवलंबून होता, त्यांना ती स्वतः वाचता येत नव्हती.

जैन समाजाला तर याहून मोठा अनुभव आहे. 'षट्खंडागम' आणि त्यावरील वीरसेनाचार्यांची 'धवला' टीका हे दिगंबर परंपरेचे अमूल्य धन. या ग्रंथांची भाषा प्राकृत व संस्कृत, ताडपत्रांवरील लिपी जुनी कन्नड आणि स्थान मूडबिद्रीची सिद्धांत बसदी. शतकानुशतके भाविक तेथे जात, ताडपत्रांचे दर्शन घेत आणि परत येत. ग्रंथ पूजेत होता, अभ्यासात नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या प्रती करून घेण्याच्या प्रयत्नांना ज्यांनी चालना दिली, त्यांत सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी हे एक प्रमुख होते. उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे ते वडील. घरची भाषा गुजराती असलेल्या या गृहस्थांनी 'जैन बोधक' हे नियतकालिक एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकातच सोलापुरातून सुरू केले होते. आणि कन्नड लिपीत बंदिस्त झालेल्या प्राकृत ग्रंथांची चिंताही त्यांनीच वाहिली. जुनी कन्नड लिपी जाणणाऱ्या पंडितांनी पुढे अनेक वर्षे बसून ही ताडपत्रे उतरविली. त्यानंतर डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ ते १९५९ या काळात 'धवला' सोळा खंडांत छापली गेली. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या दानातून सोलापुरात उभ्या राहिलेल्या ग्रंथमालेने १९४३ मध्ये 'तिलोयपण्णत्ती' या प्राकृत ग्रंथाने आपल्या कार्याला आरंभ केला होता. 'धवला'चे पुनर्मुद्रणही पुढे सोलापूरच्याच जैन संस्कृति संरक्षक संघाने केले.

या सर्व प्रयत्नांमागे एक साधी गोष्ट होती. ती लिपी वाचणारे थोडे का होईना, शिल्लक होते. तेही उरले नसते, तर ताडपत्रे सुरक्षित असूनही ग्रंथ हरवलाच असता. वारसा पेटीत ठेवल्याने टिकत नाही. तो वाचणारा प्रत्येक पिढीत कोणीतरी असावा लागतो.

घराघरांतून होण्याजोगे काम

श्रवणबेळगोळ येथील भगवान बाहुबलींच्या मूर्तीच्या पायाशी कन्नड, तमिळ आणि मराठी या तीन भाषांतील लेख कोरलेले आहेत. एकाच मूर्तीची वार्ता तीन भाषकांना कळावी, ही त्यामागील दृष्टी. समवसरणातील दिव्यध्वनी प्रत्येक जीवाला आपापल्या भाषेत उमगत असे, ही श्रद्धाही हेच सांगते. कन्नडचे आद्य महाकवी पंप, पोन्न आणि रन्न हे जैन परंपरेशी जोडलेले होते. ज्या प्रदेशात वास्तव्य केले त्या प्रदेशाची भाषा आपली मानावी, आणि मागून आणलेली भाषाही सोडू नये, ही रीत पूर्वजांनी पाळली.

आज ती पाळण्यासाठी फार मोठा खर्च किंवा फार मोठी संस्था लागत नाही. मराठी वाचणाऱ्याला गुजराती लिपी शिकणे सोपे आहे. नागरीतील शिरोरेषा काढली आणि मोजकी अक्षरे वेगळी ओळखली की वाचन सुरू होते. कन्नड आणि तेलुगू लिपींत एवढे साम्य आहे की, एक आली की दुसरी निम्मी आल्यासारखी होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज अर्धा तास आजी-आजोबांजवळ बसून मुलांनी लिपी गिरविली, तर शाळेच्या माध्यमाचा प्रश्न आड येत नाही. घरातील जुनी पत्रे, वह्या, खतावण्या आणि पोथ्या यांची यादी करून कोणती कोणत्या लिपीत आहे व ती घरात कोणाला वाचता येते, हे एका कागदावर लिहून ठेवता येईल. ज्या लिपीपुढे वाचणाऱ्याचे नाव लिहिता येत नाही किंवा एकाच वृद्ध व्यक्तीचे नाव येते, तेथून कामाला प्रारंभ करावा. ज्या बोलींना लिपी नाही, त्यांतील गाणी, म्हणी आणि नात्यांची नावे नागरीत उतरवून ठेवता येतात. मोबाईल फोनवर आवाजही साठविता येतो.

पाठशाळा, ग्रंथालये आणि समाजमंडळे यांनीही यात लक्ष घालावे. दहा-पंधरा मुलांचा लिपीवर्ग चालविणे कोणत्याही मंडळाच्या आवाक्यातील आहे, आणि सोलापूरसारख्या शहरात तो सर्व समाजांच्या मुलांसाठी खुला ठेवता येईल. मराठी मुलाने कन्नड अक्षरे गिरवावीत, तेलुगू मुलीने उर्दू लिहून पाहावी. या शहराच्या स्वभावाला ते साजेसेच आहे.

सोलापूरच्या भाषा आजही जिवंत आहेत. बाजारात, यंत्रमागावर, रथोत्सवात आणि स्वयंपाकघरात त्या रोज बोलल्या जातात. त्यांना वाचणारे डोळेही घरोघरी आहेत. बहुतेक ते सत्तरीच्या पुढचे आहेत, आणि शिकविण्यास ते आनंदाने तयार होतील.